सरकारी इमारतीसाठी कलाकृती करवून घेताना

सरकारी इमारतीत कला येते ती बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी. रंगकाम आटोपलेलं असतं, उद्घाटनाची तारीख पडलेली असते, आणि कुणाच्या तरी लक्षात येतं की प्रवेशदालनातली मोठी भिंत भकास दिसतेय. मग दीड महिन्यात ‘काहीतरी कलात्मक’ बसवायची धावपळ सुरू होते. त्या धावपळीत जे भिंतीवर चढतं ते पुढे वीस-पंचवीस वर्षं तिथंच राहतं, आणि पहिल्या आठवड्यानंतर त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

अशा निवड समित्यांवर मी बसलो आहे, आणि कलाकार वाईट मिळाला म्हणून काम फसलं असं मी क्वचितच पाहिलं. काम फसतं ते त्याच्या आधीच्या कागदांत. जागा उशिरा ठरते, मागणी मोघम लिहिलेली असते, करारात अनावरणानंतरच्या एकाही दिवसाचा विचार नसतो. म्हणून या लेखात सौंदर्यशास्त्र कमी आहे आणि फायली जास्त आहेत. इमारतीची जबाबदारी असलेला अधिकारी, अभियंता किंवा वास्तुविशारद डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

जागा नकाशावर असतानाच ठरवा

वास्तुविशारद पहिले आराखडे काढतो आहे, तेव्हाच कलाकृतीची जागा मुक्रर झाली पाहिजे. याचं कारण अगदी जड आणि व्यवहारी आहे. एक घनमीटर ग्रॅनाइट साधारण पावणेतीन टनांचा भरतो. भरीव ब्राँझ तितक्याच आकारात साडेआठ टनांच्या वर जातं. शिल्प पोकळ असलं तरी त्याचा भार पायाला, जोत्याला किंवा स्लॅबला पेलायचा असतो. छताला काही टांगायचं असेल तर त्याचे हूक काँक्रीट ओतण्याआधी आत बसवावे लागतात. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या खिळ्यांवर कुठलाही शहाणा अभियंता लोकांच्या डोक्यावर दोनशे किलो टांगू देणार नाही. विजेची वायर, दिव्यांची जागा, पाण्याचा निचरा, पुढे साफसफाईसाठी शिडी लावायला मोकळी जागा, हे सगळंही त्याच नकाशावर यायला हवं.

जागा ठरली की ती नकाशात ‘राखीव’ म्हणून नोंदवून घ्या आणि बाकीच्या सल्लागारांना लेखी कळवा. मी एका कामात हे केलं नाही. भित्तिचित्राची रेखाटनं मंजूर झाली, आणि भिंतीपाशी जाऊन पाहतो तर बरोबर मधोमध आगीच्या नळाची लाल पेटी बसलेली. अग्निशमनवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या नकाशात ती साधी रिकामी भिंत होती.

कुठली जागा चांगली, हे नकाशावरून पुरतं कळत नाही. अशाच प्रकारच्या, वापरात असलेल्या एखाद्या इमारतीत सकाळी आणि दुपारी तासभर उभं राहून बघा. लोक थांबतात कुठे आणि नुसते जातात कुठून? रांगेत किंवा बाकावर माणूस तास-तास बसत असेल तर तिथल्या कामात बारकावे हवेत, म्हणजे दहाव्या मिनिटालाही नजरेला काहीतरी नवं सापडेल. जिथून लोक झपाझप जातात तिथे एका दृष्टिक्षेपात पकडणारा आकार लागतो. सरकारी इमारतीत माणूस सहसा हौसेनं येत नाही. खटला, दाखला, कर, तक्रार असं काहीतरी डोक्यात घेऊन येतो. आणि कर्मचारी तर तीस वर्षं रोज तीच भिंत बघणार असतो. या दोघांना धरूनच जागा ठरवायची.

शिकागोच्या फेडरल सेंटर या सरकारी कार्यालयांच्या संकुलातलं शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचं ‘फ्लेमिंगो’ मला या बाबतीत आदर्श वाटतं. १९७४ साली ते तिथं उभं राहिलं. भोवती वास्तुविशारद मीस व्हान डर रोहच्या काळ्या पोलादाच्या, काटकोनी इमारती, आणि मध्ये ५३ फूट उंचीचं, शेंदरी रंगाचं, सगळं वळणदार शिल्प. त्याच्या कमानींखालून लोक चालत जातात. चौक अडत नाही, उलट चौकाला मध्य मिळतो.

पैसा वेगळा काढा, आणि तो कशाकशाचा ते लिहा

बांधकाम खर्चाचा ठरावीक टक्का कलेसाठी ठेवण्याची पद्धत जुनी आहे. स्वीडनच्या संसदेनं १९३७ मध्ये सरकारी इमारतींसाठी साधारण एक टक्क्याचं तत्त्व मान्य केलं. फ्रान्सनं १९५१ मध्ये शैक्षणिक इमारतींपासून एक टक्क्याची सुरुवात केली. फिलाडेल्फियानं १९५९ मध्ये तसा नियम केला. अमेरिकेच्या संघराज्य इमारतींसाठी बांधकाम खर्चाच्या किमान अर्ध्या टक्क्याचं प्रमाण धरलं जातं. तुमच्याकडे असा नियम नसला तरी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष मागून घ्या. टक्का कशावर मोजायचा हेही आधीच लिहा, कारण जमीन आणि फर्निचर धरून की वगळून, यावरून नंतर लेखापरीक्षणात वाद होतात.

एक गोष्ट मात्र करू नका. कलाकृती मुख्य कंत्राटदाराच्या दरपत्रकात ‘भित्तिशिल्प, प्रति चौरस मीटर’ म्हणून घुसवू नका. तिथे ती फरशी आणि फॉल्स सीलिंगच्या ओळीत जाऊन बसते, कंत्राटदार स्वतःचा नफा काढून उरलेल्या पैशांत कुणाला तरी पोटकंत्राट देतो, आणि कलाकाराचा व तुमचा एकमेकांशी काही संबंधच राहत नाही.

आकडा जाहीर करताना त्यात काय काय आलं ते मोजून सांगा: कलाकाराचं मानधन, साहित्य, ओतकाम किंवा जोडकाम, अभियंत्याची तपासणी, वाहतूक, क्रेन, पाया, प्रकाशयोजना, विमा, कर, नामफलक, छायाचित्रण. पाया आणि वीज इमारतीच्या खर्चातून होणार असेल तर तसं स्पष्ट म्हणा. दहाएक टक्के आकस्मिक खर्चाला बाजूला ठेवा. देखभालीचा पैसा यात धरू नका. तो दरवर्षी लागणारा आहे, तेव्हा त्याची तरतूद इमारतीच्या वार्षिक देखभालीत हवी.

समितीत कोण

पाच किंवा सात जण पुरेत. विषम संख्या ठेवा. स्पर्धेत नसलेले एक-दोन कलावंत, कलेचा इतिहास जाणणारी एखादी व्यक्ती, इमारतीचा वास्तुविशारद, इमारत पुढे सांभाळणारा अभियंता, तिथं काम करणारा एक कर्मचारी आणि त्या परिसरातला एक नागरिक. कागद सांभाळणाऱ्या सचिवाला मत नको. प्रत्येकाकडून हितसंबंध नसल्याचं लेखी घ्या, आणि प्रस्ताव उघडल्यावर एखाद्याचा विद्यार्थी किंवा भागीदार निघाला तर त्यानं त्या चर्चेपुरतं बाहेर बसायचं हेही आधीच ठरवा.

कर्मचारी आणि नागरिक समितीत कशाला, असं वरिष्ठ विचारतातच. त्याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये आहे. १९८१ मध्ये तिथल्या फेडरल प्लाझात, म्हणजे सरकारी कार्यालयांसमोरच्या चौकात, शिल्पकार रिचर्ड सेराचं ‘टिल्टेड आर्क’ उभं राहिलं: १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली गंजरंगी पोलादी भिंत, चौकाच्या आरपार. निवड कलाक्षेत्रातल्या जाणकारांनी केली होती. रोज तो चौक ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती वळसा घालायला लावणारी भिंत वाटली. १९८५ च्या मार्चमध्ये जाहीर सुनावणी झाली. १२२ जण शिल्प ठेवावं म्हणून बोलले, ५८ जण हटवावं म्हणून. तरीही सुनावणी घेणाऱ्या मंडळानं चार विरुद्ध एक असा हटवण्याचा कौल दिला. सेरा न्यायालयात गेला आणि हरला. १५ मार्च १९८९ च्या रात्री शिल्पाचे तुकडे करून ते नेण्यात आलं.

या प्रकरणावरून ‘लोकांना आवडेल असं सोपं काहीतरी लावा’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तो पटत नाही. अवघड कामही लोक स्वीकारतात, पण त्यांना ते एका सकाळी कामावर येताना अचानक समोर दिसू नये. समितीतला कर्मचारी ‘सुंदर आहे की नाही’ हे सांगायला नसतो. जेवणाच्या सुट्टीत लोक कुठे बसतात, मोर्चा आला की कुठे थांबतो, व्हीलचेअर कुठून वळते, हे त्यालाच ठाऊक असतं.

मागणीपत्र: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

कलाकाराला द्यायचं मागणीपत्र तीन-चार पानांचं असावं. त्यात इमारतीचा वापर, जागेची मोजमापं, छायाचित्रं, दिवसभरातला उजेड, पेलणारा भार, सर्व धरून एकूण रक्कम, वेळापत्रक, कलाकृती किती वर्षं टिकली पाहिजे, कुठलं साहित्य चालणार नाही, प्रस्तावात काय काय द्यायचं आणि गुण कशाला किती, हे सगळं यावं. पत्र लिहून झालं की ते इमारतीशी संबंध नसलेल्या एखाद्या चित्रकाराला वाचायला द्या. त्याला जे प्रश्न पडतील त्यांची उत्तरं पत्रात घाला.

काय टाळायचं ते जास्त महत्त्वाचं आहे. ‘विभागाच्या गौरवशाली कार्याचं दर्शन घडवणारी कलाकृती’ असं लिहिलंत की तुमच्याकडे दातेरी चाक, कणीस, कबुतर, उगवता सूर्य आणि ओंजळीतलं रोपटं येणार. प्रस्ताव पन्नास आले तरी वस्तू याच पाच, फक्त जागा बदललेल्या. दोष कलाकारांचा नाही, त्यांनी तुमचं वाक्य वाचूनच ते काढलं. तिथं काय चितारायचं हे न सांगता तिथं काय घडतं ते सांगा. उदाहरणार्थ:

‘या दालनात रोज काही शे माणसं जमिनीच्या नोंदींसाठी येतात. बरेच जण सकाळी लवकर येऊन दुपारपर्यंत थांबतात. अनेकांसोबत म्हातारी माणसं असतात. दालनाच्या पूर्वेला उंच खिडक्या आहेत, दहापर्यंत थेट ऊन येतं. भिंतीच्या डाव्या टोकाला टोकन पुकारणारा ध्वनिवर्धक आहे आणि तो हलवता येणार नाही.’

एवढ्यावर चांगला कलाकार कामाला लागतो. ऊन, वाट पाहणं, जमीन, आवाज, यांतलं काय उचलायचं ते त्याचं तो ठरवेल.

निवडीच्या तीन वाटा

खुली स्पर्धा, निवडक कलाकारांना निमंत्रण, किंवा थेट एकाला काम. थेट काम द्यायचं तर त्याची कारणं फाइलवर भक्कम हवीत, नाहीतर पुढे तुम्हालाच खुलासे देत बसावं लागेल. छोट्या कामाला निमंत्रण पुरतं. मोठ्या, सर्वांच्या नजरेत येणाऱ्या जागेसाठी मी खुल्या पण दोन टप्प्यांच्या पद्धतीच्या बाजूचा आहे.

त्याआधी निविदेचा घोळ सोडवू. सरकारी खरेदीचा हात आपोआप सर्वात कमी दराकडे जातो. कलेत दरावर स्पर्धा लावली की सगळ्यात पातळ धातू आणि सगळ्यात घाईचं काम जिंकतं. यावर सरळ उपाय आहे: रक्कम आधीच ठरवून जाहीर करा आणि स्पर्धा फक्त गुणवत्तेवर घ्या. ‘एवढ्या पैशांत या जागेसाठी सर्वात चांगलं काय देऊ शकता?’ असा प्रश्न विचारला की किमतीचा लिफाफाच उरत नाही. खरेदीचे नियम तपासून वित्त विभागाची या पद्धतीला लेखी संमती सुरुवातीलाच घेऊन ठेवा. प्रस्ताव आल्यावर ती मागायला गेलात तर सहा महिने गेले म्हणून समजा.

पहिल्या टप्प्यात फक्त आधीच्या कामाची दहाएक छायाचित्रं आणि पानभर टिपण मागवा. नवं संकल्पचित्र मागू नका. त्यातून तीन ते पाच जण निवडा, त्यांना एकत्र जागा दाखवा, सगळ्यांच्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना पाठवा. मग त्यांच्याकडून प्रमाणबद्ध छोटी प्रतिकृती, साहित्याचा तुकडा, खर्चाची फोड आणि देखभालीचं टिपण घ्या. या टप्प्याचं मानधन प्रत्येकाला द्या, हरणाऱ्यालाही. दोन महिन्यांचं काम फुकट मागणं हा आपल्या यंत्रणांचा फार जुना अवगुण आहे, आणि त्यामुळेच चांगले लोक अर्जच करत नाहीत.

नावं झाकून निवड करावी का? वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या १९८१ मधल्या स्पर्धेत १,४२१ प्रस्ताव आले होते, सगळे फक्त क्रमांकांनी ओळखले गेले. जिंकलेला १०२६ क्रमांकाचा प्रस्ताव २१ वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीचा निघाला. नाव दिसलं असतं तर तो किती टिकला असता, शंकाच आहे. स्मारक प्रत्यक्ष उभं करण्यासाठी तिच्या सोबत अनुभवी वास्तुविशारद संस्था जोडून दिली होती हेही विसरू नये. झाकलेल्या नावांची निवड करायची तर नवख्याला असा आधार देण्याची तयारी ठेवा. माझा मध्यममार्ग असा: पहिल्या टप्प्यात अनुभव बघायचा असतो म्हणून नावं उघडी, दुसऱ्यात प्रतिकृतींवर फक्त क्रमांक, आणि गुण दिल्यानंतरच मुलाखत.

इतिवृत्तात निकालासोबत कारणं लिहा, नाकारलेल्यांचीही. वाद वर किती जाऊ शकतो याचा नमुना बर्लिनचा आहे. जर्मन संसदेच्या अंगणासाठी हान्स हाके या कलाकारानं मातीनं भरलेल्या चौकटीत ‘जनतेला’ या अर्थाची प्रकाशित अक्षरं सुचवली. इमारतीच्या दर्शनी भागावर ‘जर्मन लोकांना’ असं कोरलेलं आहे, त्यालाच ते उत्तर होतं. कलाविषयक मंडळाची पसंती मिळाली होती, तरी २००० च्या एप्रिलमध्ये प्रश्न सभागृहात मतदानाला गेला आणि काम २६० विरुद्ध २५८ मतांनी वाचलं. तुमच्या प्रस्तावावर संसद बसणार नाही, पण एखादा नवा वरिष्ठ नक्की बसेल. त्याच्यापुढे ठेवायला कारणांसह लिहिलेलं इतिवृत्त हवं.

साहित्याची उलटतपासणी

अंतिम मंजुरीपूर्वी प्रस्ताव अभियंत्याकडे आणि शक्य असल्यास कलाकृतींची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पुढचे सगळे त्रास इथे आधीच दिसत असतात.

ब्राँझ टिकाऊ खरं, पण आतला सांगाडा साध्या लोखंडाचा असेल तर दोन धातू आणि ओल मिळून लोखंड कुरतडलं जातं, फुगतं आणि बाहेरचं कवच फोडतं. सांगाडा स्टेनलेसचा मागा, तळाशी पाणी निघून जायला भोकं मागा. गंजरंगी पोलाद, म्हणजे कोर्टेन, स्वतःच्या गंजाच्या थरानं स्वतःला वाचवतं. त्याला ओलं होऊन पुन्हा वाळायची संधी मिळाली तरच हे घडतं. सतत दमट किंवा समुद्राच्या खाऱ्या हवेत तो थर स्थिरावत नाही. शिवाय सुरुवातीला पावसासोबत तांबडं पाणी गळतं. खाली फिकट फरशी असेल तर ती गेली. भोवती खडीचा पट्टा आणि निचरा ठेवा.

फायबरग्लास हलका आणि स्वस्त म्हणून सगळ्यांना मोह पडतो. सावलीत ठीक आहे. उन्हात त्याचा पृष्ठभाग निस्तेज होतो, खडूसारखा हाताला लागू लागतो, मग दर काही वर्षांनी पुन्हा रंग आलाच. ‘ब्राँझसारखा दिसणारा’ फायबर तर मी थेट नाकारतो. संगमरवर आत ठेवा. बाहेर आम्लयुक्त पाऊस आणि आत आम्लयुक्त फरशी-क्लीनर, दोन्ही त्याचे शत्रू आहेत, पण दुसऱ्यावर निदान आपला ताबा चालतो.

भित्तिचित्राच्या बाबतीत भिंतीची दुसरी बाजू बघा. तिथं स्वच्छतागृह किंवा पाण्याची वाहिनी असेल तर जागा बदला. सिमेंटचा नवा गिलावा फार अल्कधर्मी असतो आणि किमान २८ दिवस तर त्याच्या पक्वतेलाच लागतात, त्यानंतर तो सुकायला हवा. उद्घाटनाच्या घाईत ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं चित्र वर्षभरात फोड धरतं आणि बोलणी चित्रकाराला बसतात.

घासून चकचकीत केलेलं स्टील उन्हात समोरच्या खिडकीत तिरीप मारतं. आतल्या बाजूला वळलेला पृष्ठभाग ऊन एका बिंदूवर गोळाही करू शकतो. व्हिडिओचे पडदे, विजेच्या मोटारी, दिव्यांच्या पट्ट्या असलेलं काम हवं असेल तर जरूर घ्या, मात्र सुटे भाग, वायरिंगचा नकाशा आणि प्रोग्रॅमची प्रत करारात मागा. यंत्रं कलाकृतीच्या आधी म्हातारी होतात.

माणसांची सुरक्षितता वेगळी तपासा. मूल यावर चढेल असंच गृहीत धरा. धारदार कडा दीड-दोन मीटरच्या खाली नकोत. भिंतीतून पुढे आलेला भाग दृष्टिहीन व्यक्तीच्या काठीला लागला पाहिजे. जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटरच्या वर सुरू होणारा भाग काठीला कळत नाही आणि थेट अंगाला लागतो. अमेरिकेच्या नियमांत २७ ते ८० इंच उंचीच्या पट्ट्यात फक्त ४ इंच बाहेर येण्याची मुभा आहे, ती मोजपट्टी म्हणून वापरायला हरकत नाही. आपत्कालीन मार्ग, कॅमेऱ्यांची नजर आणि वाऱ्याचा दाब हेही तपासणीत आलं.

करार

सिमेंटच्या गोण्यांसाठी बनवलेला छापील करार इथं चालत नाही, तरी सर्रास तोच वापरला जातो. त्यातली मोठी बँक हमी भरणं एकट्या शिल्पकाराला जमत नाही. त्याऐवजी पैसे टप्प्यांना बांधा. मी वापरतो ती विभागणी अशी: सह्या झाल्यावर २० टक्के, अंतिम रेखाटनं व प्रतिकृती मंजूर झाल्यावर २५, निम्मं काम कार्यशाळेत पाहिल्यावर २५, बसवल्यावर २०, आणि हमीचा काळ संपल्यावर १०. सुरुवातीचा हप्ता कमी ठेवला तर साहित्य कोण आणणार? आणि हप्ता ठरला की देयक वेळेत काढा. फाउंड्रीवाला उधारीवर धातू वितळवत नाही.

आता हक्कांचं. कलाकृतीची वस्तू म्हणून मालकी सरकारची, तिचा कॉपीराइट मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तो कुणाकडे राहणार हे शब्दांत लिहावं लागतं. छायाचित्र माहितीपत्रकात छापता येईल का, बोधचिन्ह करता येईल का, छोट्या प्रतिकृती भेट म्हणून देता येतील का, प्रत्येकाचं उत्तर लिहा. शिकागोच्या नागरी केंद्रासमोरचं पिकासोचं ५० फुटी शिल्प १९६७ मध्ये उघडलं गेलं. त्याची प्रतिकृती हक्काची नोंद न लावता प्रसिद्ध झाल्यामुळे १९७० मध्ये न्यायालयानं त्यावर कॉपीराइट उरलेला नाही असं ठरवलं. शिल्प उभारणाऱ्या सार्वजनिक मंडळाला जो हक्क आपला वाटत होता तो असा निसटला.

त्याहून महत्त्वाचे कलाकाराचे नैतिक हक्क: कामावर त्याचं नाव राहणं आणि कामाची मोडतोड न होणं. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी अमरनाथ सहगल यांच्याकडे १९५७ मध्ये ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प सोपवलं गेलं. ते १९६२ मध्ये पूर्ण झालं. १९७९ मध्ये इमारतीच्या नूतनीकरणात ते त्यांना न कळवता उतरवून गोदामात टाकलं गेलं, त्यात भाग मोडले, हरवले. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले भाग त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिल्प विकत घेतलं म्हणजे ते मोडायचा हक्कही विकत घेतला, ही समजूत या निकालानंतर तरी कुणी बाळगू नये.

करारात आणखी काही कलमं हवीत. इमारत वेळेत तयार झाली नाही तर तयार शिल्प कुठे राहील आणि त्याचं भाडं कोण देईल? वाहतुकीत मोडलं तर विमा कुणाचा? कलाकार मध्येच वारला तर काम कोण पुरं करेल, आणि त्यावर नाव कसं लागेल? शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतं, पण मी भेटलेल्या एकाही शिल्पकाराला त्याचा राग आला नाही. त्यांतल्या बहुतेकांनी लगेच सहकाऱ्याचं नाव सांगितलं.

घडताना आणि बसवताना

कार्यशाळेत किमान दोनदा जा: मातीचा नमुना पूर्ण आकारात आल्यावर, आणि ओतकाम झाल्यावर पण रंग चढायच्या आधी. मातीत बदल सांगता येतो. धातूत तो पैशांत मोजावा लागतो. जाताना समितीतले दोघेच जा. सात जणांचं शिष्टमंडळ गेलं की सात सूचना येतात, त्यांतल्या चार एकमेकींना छेद देतात. सूचना लेखी द्या, आणि मंजूर प्रतिकृतीपासून ढळलेलं काही असेल तेवढ्याबद्दलच. ‘नाक थोडं वेगळं करा’ हा तुमचा विषय नाही.

बसवण्याआधी रस्ता मोजा. फाटक, कमान, लिफ्ट, वळण, दालनाचं दार, आणि क्रेन उभी राहील त्या जागेखालची पाण्याची टाकी. मी एक शिल्प दाराबाहेर दोन रात्री ताडपत्रीखाली पडलेलं पाहिलं आहे. दार रुंदीला पुरेसं होतं, पण खोक्याच्या पॅकिंगचे सहा इंच कुणी धरलेच नव्हते.

कर्मचाऱ्यांना आणि रोज येणाऱ्यांना काम येण्याआधी सांगा. प्रतिकृती महिनाभर दालनात ठेवा, कलाकाराला एक तास बोलवा, प्रश्न विचारू द्या. नामफलकावर कलाकाराचं नाव, कृतीचं नाव, साहित्य आणि वर्ष असू द्या. उद्घाटकाचं नाव कलाकाराच्या नावापेक्षा मोठं नको. हे वाक्य मी बैठकीत दरवेळी बोलतो आणि दर दोन वेळांतून एकदा हरतो.

सांभाळ

शेवटचा हप्ता देण्याआधी कलाकाराकडून देखभाल-पुस्तिका घ्या: कुठला धातू, कुठला रंग आणि त्याचा क्रमांक, कुठल्या मेणाचा लेप, कशानं पुसायचं, कशानं मुळीच पुसायचं नाही. एक प्रत फाइलला, एक इमारत सांभाळणाऱ्याच्या टेबलावर, आणि एक पानाचा सोपा सारांश सफाई करणाऱ्यांच्या खोलीत भिंतीवर. नुकसान सहसा तिथूनच सुरू होतं, आणि तेही चांगल्या हेतूनं. दगड ‘लख्ख’ करायला आम्ल वापरणाऱ्या माणसाला तसं करू नको हे कुणी सांगितलेलंच नसतं. बाहेरच्या ब्राँझला वर्षातून एकदा धुऊन मेण लावलं तर बरंच आयुष्य वाढतं. वर्षातून एकदा ठरावीक कोनांतून छायाचित्रं घेऊन ठेवा, म्हणजे बदल कधी सुरू झाला ते कळतं.

रंगाचा अधिकार कुणाचा हेही पुस्तिकेत लिहा. काल्डरचंच ‘पिट्सबर्ग’ हे तरंगतं शिल्प १९५८ च्या सुमारास तिथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, विमानतळासाठी भेट मिळालं. मूळ रंग काळा आणि पांढरा. काउंटीनं ते आपल्या अधिकृत रंगांत, हिरव्या-सोनेरीत, रंगवून टाकलं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याला मूळ रूप परत मिळालं. कार्यालयाला नवा रंग देण्याचा कार्यादेश निघतो, रंगारी येतो, त्याच्या यादीत ‘दालनातील सर्व लोखंडी वस्तू’ असतं. एवढंच पुरतं.

हटवायची वेळ आली तर

इमारती बदलतात, खाती हलतात, भिंती पडतात. हटवण्याची पद्धत कलाकृती बसण्याआधीच, कुणाच्याही मनात राग नसताना लिहून ठेवा. माझ्या मसुद्यात ती अशी असते: दुरुस्ती अशक्य असल्याचा, लोकांना धोका असल्याचा किंवा इमारतच राहणार नसल्याचा लेखी अहवाल. तोही नव्या समितीकडून, तक्रार करणाऱ्याकडून नव्हे. बसवल्यापासून पहिली पाच वर्षं केवळ नापसंतीवरून प्रश्न घ्यायचा नाही. कलाकाराला किंवा वारसांना लेखी सूचना. इमारतीतून सुरक्षित काढता येणाऱ्या कामांबाबत अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात ९० दिवसांच्या सूचनेची पद्धत आहे, तेवढा काळ वाजवी वाटतो. या काळात कलाकाराला स्वखर्चानं काम परत नेण्याची पहिली संधी, मग दुसऱ्या सार्वजनिक इमारतीला, मग संग्रहालयाला. उतरवण्याचं काम त्या साहित्याच्या जाणकाराच्या देखरेखीखाली, प्रत्येक भागाला क्रमांक देऊन, छायाचित्रं काढून.

आणि कलाकृतीची नोंद जडसंग्रह नोंदवहीत स्वतंत्र पानावर करा: कलाकाराचा पत्ता, वारसाचा पत्ता, कराराचा क्रमांक, पुस्तिका कुठल्या कपाटात आहे ते. पत्ते दर दोन वर्षांनी तपासायला कारकुनाच्या कामवाटपात एक ओळ घाला.